काय घालून जाता?

समोरच्याच्या बाहीचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरायचं, हलकेच चोळायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "सुती." भाईंची ही सवय आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. नवा माणूस दचकायचा. परक्या माणसानं आपली बाही अशी का चाचपावी, ते त्याला कळायचं नाही. जुनी मंडळी मात्र स्वतःहून हात पुढे करायची. "बघा भाई, आज लिनन आहे." भाई गंभीरपणे कापड चोळायचे. "त्याच जातीचं. भिजलं की पाणी सोडणार नाही."

तुमच्याही ओळखीत असा कोणीतरी असेल. त्याची एक लकब सगळ्यांना तोंडपाठ असते, तिची नक्कल होते, निरोपसमारंभात तिच्यावर हशा पिकतो. त्या लकबीच्या मागे काय आहे, हे विचारायचं मात्र राहूनच जातं. आमचंही तसंच झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या बाह्या धरून "सुती" म्हणायचो आणि खिदळायचो. भाईही हसायचे. ते खूप हसायचे नाहीत, पण हसायचे.

दोहात तेव्हा वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. काल होता तो रस्ता आज बंद असायचा, गोल चौकांच्या जागी सिग्नल आले होते आणि कुठल्याही खिडकीतून पाहिलं तरी क्रेन दिसायच्या. आमचं ऑफिस एका स्टेडियमच्या कामावर होतं. मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कोणतं काम कधी संपणार याचे तक्ते करणाऱ्यांत. भाई वातानुकूलनाचे सीनियर इंजिनिअर. प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालून गार हवा कशी सोडायची, मैदानावर ती कशी टिकवायची, हे त्यांचं काम. उघड्या आभाळाखाली एवढं मोठं मैदान थंड करणारा हा माणूस जानेवारी उजाडला की ऑफिसात स्वेटर, त्यावर वारा न शिरणारं जॅकेट आणि कानटोपी अशा थाटात यायचा. त्यावरही विनोद होतेच.

ते मूळचे रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे. बायको आणि मुली गावी, हे अल नस्रमधल्या एका फ्लॅटमध्ये एकटे. मी नाशिकची. ऑफिसात सगळा व्यवहार इंग्रजीत नाहीतर हिंदीत, त्यामुळे मराठी बोलायला मिळालं की दोघांनाही बरं वाटायचं. मला ते "बाय" म्हणायचे, कोकणात मुलीला म्हणतात तसं. माझ्या नवऱ्याला न पाहताच त्यांनी "जावई" करून टाकलं होतं.

एका डिसेंबरात माझ्या नवऱ्यानं एका इंग्रज साहेबाकडून जुनी कयाक घेतली. कयाक म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद, लांबट होडी. तिच्यावर बसून गळ टाकायचा, हमूर पकडायचा, सुरमई पकडायची, असे बेत सुरू झाले. दुसरी एक भाड्यानं घेऊन मीही शिकणार होते. सोमवारी चहाच्या वेळी मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. भाईंनी कप खाली ठेवला.

"काय घालून जाता?"

"म्हणजे?"

"अंगावर. काय घालून जाता समुद्रात?"

"ट्रॅक पँट, टी-शर्ट. गार वाटलं तर वरून एक जॅकेट. हा काय बर्फाचा देश आहे का, भाई?"

ते कप तसाच टाकून उठून गेले. मला वाटलं, साइटवरून फोन आला असेल.

त्या शुक्रवारी सकाळी ते अल गराफातल्या आमच्या घरी हजर. पहिल्यांदाच येत होते. हातात मिठाईचा डबा, आणि मागे बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला, माणूस बर्फाच्या पिशव्या घेऊन उभा.

"जावई आहेत ना घरी? बाथरूम कुठे?"

आमच्या बाथटबमध्ये त्यांनी पाणी भरलं, बर्फ ओतला, खिशातून थर्मामीटर काढून बुडवला. थोडं गरम पाणी घातलं, पुन्हा पाहिलं. "हां. आता हा अल खोरचा समुद्र. जानेवारीतला." मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "जीन्स घाला. वर तो आवडता टी-शर्ट घाला. आणि बसा."

माझा नवरा गॅस प्रकल्पावर इंजिनिअर आहे. त्याला कोणी काही सिद्ध करून दाखवतो म्हटलं की मागे हटता येत नाही. तो बसला. बसताक्षणी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी लग्नानंतर प्रथमच ऐकला. श्वास आत घेतला तो बाहेर येईना, मग भराभर येऊ लागला. "हे पहिलं," भाई शांतपणे म्हणाले. "आत्ता पाण्याखाली तोंड असतं तर ह्या श्वासाबरोबर पाणी आत गेलं असतं. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर हवं. होडीत ठेवलेलं कामाचं नाही." मग ते टबच्या काठावर बसून माझ्या नवऱ्याशी गप्पा मारू लागले. गाव कुठलं, भाऊ किती, गॅसवर ड्यूटी कशी. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून नायलॉनचा दोरा आणि गळ काढला. "बांधा."

त्याला बांधता येईना. बोटं जवळ येत, पण दोरा धरत नव्हती. तिसऱ्यांदा गळ पाण्यात पडला तेव्हा तो हसायला लागला आणि आम्हीही हसलो. भाईंनी त्याचा हात धरून बाहेर काढलं आणि टॉवेल दिला.

"मासा राहू दे. ह्या बोटांनी जॅकेटची चेन लागेल का? होडी धरवेल का?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आमच्या बाल्कनीतून लोक टी-शर्टवर फिरताना दिसत होते. त्यांच्याकडे बोट दाखवत भाई म्हणाले, "ही हवा. हिला बघून कपडे काढतात सगळे. पाण्याला बघून घालायचे. आपल्याला पडायचंय पाण्यात, हवेत नाही."

पुढच्या आठवड्यात ते आम्हाला खेळाच्या दुकानात घेऊन गेले. वेटसूट, म्हणजे रबरासारख्या कापडाचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, तो निवडायला. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. माझ्या नवऱ्याला त्यांनी सूट घालून दुकानाच्या मधोमध उकिडवं बसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, मग खुर्चीवर बसून वल्हं मारल्याची नक्कल करायला लावली. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. "काखेत ओढतंय? मग हा नको, तासाभरात हात दुखतील आणि चेन उघडून बसाल. पाठीत पोकळ राहतंय? मग हाही नको. आत जे पाणी शिरतं ते अंगाच्या उबेनं कोमट होतं, ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. सैल असला की नवं गार पाणी सारखं आत-बाहेर." फिलिपिनो विक्रेता आधी वैतागला, मग स्वतःच मापं काढून आणायला लागला.

नवऱ्यानं वरून घालायला गडद निळं जॅकेट उचललं. भाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"निळ्या पाण्यात निळा माणूस कोण शोधणार?"

"भाई, केशरी रंगात मी सिग्नलच्या खांबासारखा दिसेन."

"दिसा ना. त्यासाठीच घ्यायचंय."

माझी पाळी आली तेव्हा मी घुटमळले. तो अंगाला चिकटणारा सूट घालून परक्या लोकांसमोर उकिडवं बसायचं, हे मला जमणार नव्हतं आणि तसं बोलूनही दाखवता येत नव्हतं. भाई एकदम वल्ह्यांकडे वळले. "जावई, चला, आपण वल्ही बघू. बाय, कपडे बदलायच्या खोलीतच बसून बघ, आणि बाहेर येताना हे वर घाल." त्यांनी मागे न बघता एक सैल, वारा अडवणारा सदरा हातात दिला. तो गुडघ्यापर्यंत येत होता. आत घालायला लोकरी मोजे आणि पॉलिएस्टरचे लांब बाह्यांचे बनियन आधीच टोपलीत टाकलेले होते. मी बाहेर आले तेव्हा ते खरोखरच एका वल्ह्याच्या दांड्यावरून हात फिरवत उभे होते, पाठ माझ्याकडे.

आमच्यासारखी आणखी चार-सहा घरं हळूहळू जमली. अल दुहैलहून एक मुंबईचं जोडपं यायचं, ऑफिसातले दोघंतिघं यायचे. दोहाच्या उत्तरेला, अल खोरच्या पुढे एक शांत किनारा आहे, तिथे शुक्रवारी सकाळी भेटायचं. भाईंचा नियम एकच होता. "आधी पडा, मग मासे." कयाक कमरेएवढ्या पाण्यात नेऊन प्रत्येकानं मुद्दाम उलटी करायची, पुन्हा चढायचं. जो चढला तोच पुढे जाणार. भाई स्वतः सूट घालून पाण्यात उभे राहायचे आणि पडणाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरून ठेवायचे. मी चार वेळा घसरले. "यल्ला, चल बाय, पोटावर झोप आधी, मग पाय घे. घाई कसली, मासे कुठे ऑफिसला जाणारेत?"

सगळे आत गेले की ते किनाऱ्यावर राहायचे. ओला सूट अंगावर, गाडीचं मागचं दार उघडं, आत प्रत्येकासाठी कोरडे कपडे, टॉवेल आणि गरम पाणी. दुर्बीण घेऊन उभे. वारा जरा उत्तरेकडून वळला की शिट्टी. शिट्टी वाजली की मासा गळाला असला तरी परत यायचं. मुंबईच्या त्या गृहस्थांनी एकदा ऐकलं नाही, तेव्हा भाईंनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

स्वतः ते कधीच कयाकमध्ये बसले नाहीत. आम्ही चिडवायचो, "कोकणातला माणूस आणि मासेमारी येत नाही!" ते म्हणायचे, "मला मासळी खायला येते." आम्हाला ते पटायचंही.

त्या जानेवारीत ऑफिसात पुण्याचा एक नवा इंजिनिअर आला होता. हुशार, बोलका. शुक्रवारी मीही येतो म्हणाला. भाईंनी त्याला काय काय लागतं ते सांगितलं होतं, पण तो आला तो जीन्स आणि जाड, टोपीवाल्या हुडीत. भाईंनी बाही चोळली. चेहरा बदलला.

"तुला सांगितलं होतं ना?"

"पुढच्या वेळी घेतो, भाई. आज नुसतं बघतो बसून." त्यानं कयाक ओढायला घेतली. "आणि काहीही चालतं हो. कतार आहे हे, काश्मीर थोडंच आहे?"

भाईंनी त्याच्या हातातलं वल्हं हिसकावून घेतलं आणि वाळूत फेकलं. मग त्याची हुडी दोन्ही मुठींत धरली आणि ओरडले. काय ओरडले ते नीट कळलं नाही, मराठी, हिंदी सगळं एकत्र होतं. "सोड ती! खलास! तू नाही जाणार! पाय ठेवून दाखव पाण्यात!" त्या पोरानं त्यांचे हात झटकले. "वेडे झालात का तुम्ही?" म्हणाला, गाडीत बसला आणि धूळ उडवत निघून गेला. भाई कोणाकडेही न बघता आपल्या गाडीपाशी जाऊन बसले.

नवऱ्यानं मला खुणावलं. तो बाकीच्यांना घेऊन पाण्याकडे गेला आणि मी भाईंच्या शेजारी, गाडीच्या उघड्या दारात बसले. मी गरम पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही.

"त्यानं म्हटलं ना ते," ते म्हणाले, "ते माझं वाक्य आहे, बाय. शब्दनशब्द माझं."

मग त्यांनी सांगितलं. मी ते इथे सरळ लिहिते, त्यांनी मात्र ते थांबत थांबत सांगितलं होतं.

मी दोहात यायच्या आधीची गोष्ट. विलास नावाचा त्यांचा मित्र होता, कराडचा. त्याच ऑफिसात, अल नस्रला त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. बायको सोबत होती, मूलबाळ नव्हतं. भाई एकटे म्हणून रात्रीचं जेवण बहुतेक त्यांच्याकडेच. भाईंना तेव्हा कयाकवरून मासेमारीचा भारी नाद. विलास कृष्णेत पोहून मोठा झालेला, पण समुद्र त्याला नवा. "मला सोबत हवी होती," भाई म्हणाले. "दर शुक्रवारी एकट्यानं जाऊन कंटाळलो होतो. तो कसाबसा तयार झाला. गुरुवारी संध्याकाळी त्यानं फोन करून विचारलं, उद्या काय घालू? वेटसूट घे म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग पुढच्या महिन्यात बघू. मला ठाऊक होतं त्याचं. म्हणून मी म्हटलं, काहीही घाल रे. कतार आहे हे, काश्मीर थोडंच आहे?"

सकाळी तो जीन्स आणि हुडी घालून खाली आला. भाईंनी पाहिलं. ऊन छान होतं, समुद्र काचेसारखा होता. ते काही बोलले नाहीत.

"आणि मी काय घातलं होतं, विचार."

मी विचारलं नाही.

"वेटसूट. आत लोकरीचं. मला माहीत होतं ना गो. मला सगळं माहीत होतं."

किनाऱ्यापासून बरंच आत गेल्यावर विलासच्या गळाला मोठा मासा लागला. तो बघायला वाकला आणि कयाक उलटली. लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे तो तरंगत राहिला, हसतही होता. चढायचा प्रयत्न केला, भिजलेल्या कपड्यांचं ओझं घेऊन घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला. त्या किनाऱ्यावर तो वारा माणसाला जमिनीपासून दूर नेतो. त्याची रिकामी कयाक वाहून गेली. भाईंनी त्याला आपल्या कयाकच्या मागच्या कडीला धरायला लावलं आणि किनाऱ्याकडे वल्हवायला लागले. थोड्या वेळानं त्याच्या हातांना कडी धरवेना. भाईंनी दोन्ही पाय पाण्यात सोडून तोल सांभाळला आणि त्याचं मनगट दोरीनं कडीला बांधलं. दोघांचे फोन भिजू नयेत म्हणून गाडीत ठेवले होते. ते वल्हवत राहिले आणि किनारा जवळ येईना. मासेमारीची एक लाँच त्यांच्याकडे वळली, तोवर विलासचं बोलणं बंद झालं होतं. तो वाचला नाही.

"मला नुसतं गार लागत होतं," भाई म्हणाले. "त्याच पाण्यात माझेही पाय होते, बाय. मला नुसतं गार लागत होतं."

समोर आमची केशरी जॅकेटं पाण्यावर हलत होती. भाईंनी बोलता बोलता ती मोजली, असं मला वाटलं.

वहिनी, म्हणजे विलासची बायको, कराडला परत गेल्या. तिथे शाळेत शिकवू लागल्या. भाई दर सुट्टीत आधी कराडला जातात, मग रत्नागिरीला. वहिनी त्यांना भाऊ म्हणतात. भाई मांसाहार फक्त आपल्या घरी शिजवलेलाच खातात हे वहिनींना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी पिठलं, भरली वांगी, जे आवडतं ते करतात. "एवढी वर्षं त्यांच्या हातचं खातोय. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललेलो नाही. त्या विचारत नाहीत. विचारलं तर सगळंच सांगावं लागेल. काय घातलं होतं तेही. प्रत्येक घास गिळताना वाटतं, आज सांगू. मग त्या म्हणतात, भाऊ, अजून एक भाकरी घ्या. मी घेतो."

तुमची चूक नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी ते म्हटलं नाही, कारण त्यांना ते नको होतं हे दिसत होतं. वारा वळला तेव्हा त्यांनी उठून शिट्टी वाजवली.

रविवारी ऑफिस उघडल्यावर ते सरळ त्या पुण्याच्या पोराच्या टेबलापाशी गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तुझ्या अंगाला हात लावायला नको होता. माफ कर." पोरगा ओशाळला, उभा राहिला. "पण कपडे घेतल्याशिवाय येऊ नकोस," भाई पुढे म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्याला दुकानात घेऊन गेले. त्या पोराला बाकी काही कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

मग स्टेडियम पूर्ण होत आलं. वर्ल्ड कप जवळ आला तशी आमच्यासारख्यांची कामं संपायला लागली. एकेक टेबल रिकामं होऊ लागलं. केक, फोटो, "इन्शाल्ला भेटू," हे दर गुरुवारचं झालं. भाईंनाही पत्र मिळालं. त्यांनी दुसरी नोकरी शोधली नाही. म्हणाले, "पुरे झालं. मुली मोठ्या झाल्या, त्यांनी मला फोनवरच पाहिलंय."

जायच्या आधी ते आमच्याकडे जेवायला आले. जेवणावर लक्ष नव्हतं. हात धुताना मला हळूच म्हणाले, "ह्या वेळी सांगणार आहे कराडला. सुट्टी संपली, परत जायचंय, ह्याआड आता लपता येणार नाही."

"त्या काय म्हणतील?"

"घराबाहेर काढतील. काढायला पाहिजे."

विमानतळावर माझा नवरा त्यांना सोडायला गेला.

काही दिवस गेले. एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक होता, जणू भिंतीआड उभे राहून बोलत होते.

"सांगितलं, बाय."

"मग?"

"मी म्हटलं, वहिनी, आदल्या संध्याकाळी विलासनं मला फोन केला होता, काय घालू म्हणून. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. ते इस्त्री करत होते, फोन स्पीकरवर होता. मी तिथेच उभी होते."

मला क्षणभर समजलं नाही. "त्यांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून. ऐक तर. त्या म्हणाल्या, तुमचं ऐकून ते टी-शर्टवरच निघाले होते. दारातून मी परत बोलावलं. गार वाटेल म्हणून कपाटातली जाड हुडी काढून दिली, नको म्हणत होते तरी डोक्यातून घातली. नंतर मला सांगितलं कोणीतरी, भिजल्यावर तीच जड झाली होती. भाऊ, तुम्ही दर वर्षी येता, त्या दिवसाबद्दल काही बोलत नाही. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे हुडी कोणी घातली ते. तुम्ही मला सांभाळून घेताय." भाई थांबले. "म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या माझ्यापासून. मधे ताट ठेवून."

मी म्हटलं, "मग आता हलकं वाटतंय ना, भाई?"

"नाही गो. मला वाटलं होतं वाटेल. माझं जेवढं होतं तेवढंच आहे. फक्त आता त्यांचंही दिसतं."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. मला वाटलं ते फोन ठेवणार. पण ते पुढे बोलू लागले.

"मग त्यांनी विचारलं, ते काही बोलले का हो शेवटी? एवढी वर्षं त्यांना हेच विचारायचं होतं, आणि मी तो दिवसच उघडू देत नव्हतो. मी म्हटलं, बोलला. दोरी बांधत होतो तेव्हा बोलला. म्हणाला, हिला सांगू नको हं, मी पडलो ते. पुढच्या वेळी त्या माशाला सोडणार नाही."

"मग?"

"हसल्या. अगदी मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, असेच होते ते, सायकलवरून पडले तरी सांगायचे नाहीत. हसता हसता रडायला लागल्या. मी पण. शेजारची बाई बघायला आली."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. मग फोनमधून एका बाईचा आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातून यावा तसा, जरा बसलेला.

"भाऊ, या ना. पान वाढलंय."

"आलो," भाई म्हणाले. ते मला नव्हतं.